फिनाइल टाकू नका, तो बुंधा राखा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मागच्या अंगणात दोन वर्षांपूर्वी कापलेल्या गुलमोहराचा बुंधा आहे. परवा सकाळी त्यावर हळद कालवून ओतल्यासारखं पिवळं काहीतरी पसरलं होतं. आदल्या रात्री काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते वाळून खारीसारखं झालं आणि काडी लावली तर आतून काळपट पूड निघाली. सासूबाई म्हणतात, फिनाइल टाक. मी मोबाइलवर तीस-चाळीस फोटो काढले, एकही नीट आला नाही. हे आहे काय? असल्या गोष्टींचे फोटो काढायला लेन्स कुठली घ्यावी? आणि फोटोवरून नाव लागतं का?"

ताई, आधी फिनाइलचं. टाकू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून हा फुलिगो सेप्टिका नावाचा स्लाइम मोल्ड आहे, याबद्दल मला फारशी शंका नाही. त्यानं झाडांना, कुंड्यांना, अंगणात खेळणाऱ्या मुलांना काही होत नाही. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर तेवढी ती पूड उडवू नका. ते त्याचे बीजाणू आहेत, नाकात गेले की त्रास होऊ शकतो. बाकी काही करायची गरज नाही.

दिसायला बुरशीसारखा असला तरी हा बुरशी नाही. मराठीत श्लेष्मबुरशी असा शब्द आहे, बोलताना आम्ही सगळे स्लाइम मोल्डच म्हणतो. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1859 मध्येच यांना 'मायसेटोझोआ' हे नाव देऊन बुरशीपासून वेगळं काढलं होतं, आणि आज यांची सोयरीक अमीबाशी लागते. बुरशी लाकडात तंतू घुसवते, बाहेर पाचकरस सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. स्लाइम मोल्ड लाकूड खातच नाही. लाकडावरचे जिवाणू, यीस्ट, बुरशीचे बीजाणू गिळत तो फिरतो. अक्षरशः फिरतो, तासाला एखाद सेंटिमीटर. तुम्ही पाहिलेला पिवळा लगदा ही एकच पेशी होती, मधे भिंत नाही, आत लाखो केंद्रकं. ओल असते तोवर ही पेशी लाकडाच्या भेगांमधून आतल्या आत हिंडते. खाऊन झालं की उघड्यावर येते आणि रातोरात स्वतःचीच बीजाणूंची पिशवी करून टाकते. म्हणून आदल्या रात्री तुम्हाला काही दिसलं नाही.

तुम्ही लेन्सचं विचारलंत. बावीस वर्षं हा उद्योग केल्यावर माझं ठाम मत आहे की पहिली खरेदी लेन्सची करू नये. आधी तो बुंधा राखा. स्लाइम मोल्ड आणि अळंब्या या तासातासाला बदलणाऱ्या गोष्टी आहेत. रविवारी इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात जाऊन आलेला माणूस एका क्षणाचा फोटो घेऊन येतो, आणि आधी काय होतं, नंतर काय झालं ते त्याला कधीच कळत नाही. जो एकाच लाकडाकडे सकाळ-संध्याकाळ जातो, त्याच्या हाताला त्या जीवाचं अख्खं आयुष्य लागतं. माझ्याकडचे जे फोटो मला स्वतःला पटतात, त्यातले बहुतेक स्वयंपाकघराच्या दारापासून पंधरा पावलांच्या आत काढलेले आहेत.

इंदूरला तर हे जास्तच लागू आहे. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण 35 ते 40 इंच, तोही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. पुढे माळव्याची कोरडी हवा सगळं वाळवून टाकते. त्यात शहर 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, याचा मला मनापासून अभिमान आहे, पण त्यामुळे बागांमधला पालापाचोळा आणि पडलेल्या फांद्या लगेच उचलल्या जातात. सडणारं लाकूड आपलं आपणच जपलं पाहिजे. आणि हे शहर सडण्याचं महत्त्व एके काळी साऱ्या जगाला शिकवून चुकलं आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत पाला, काडीकचरा आणि शेण यांचं खत करण्याची रीत बसवली. यशवंत वाड यांच्यासोबत 1931 मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तक काढलं, आणि जगभरचे शेतकरी तिला 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखतात. त्या ढिगातलं सुरुवातीचं बरंचसं काम बुरशीच करते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. बाजूनं जाताना मला अजून उगाच थांबावंसं वाटतं.

बुंध्याची निगा सोपी आहे. सावली राहू द्या, साल काढू नका, आणि पावसानं चार दिवस ओढ दिली तर संध्याकाळी तांब्याभर पाणी शिंपडा, नळाचं नको, पावसाचं साठवलेलं. शेजारी आंब्याची किंवा कडुनिंबाची मनगटाएवढी एखादी फांदी आडवी टाकून ठेवा. खालची बाजू मातीला टेकलेली असू द्या. तिथेच जास्त हालचाल असते. उचलून बघाल तेव्हा आधी काठीनं हलवा. पावसाळ्यात ओंडक्याखाली विंचू असतो, कधी मण्यारही असते. आणि उचललेली फांदी जशी होती तशीच परत ठेवा.

आता पहिली खरेदी. सराफ्यात जवाहिरे वापरतात ते दहापटीचं घडीचं भिंग घ्या. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू किंवा स्वतःचं डोकं पुढे-मागे करायचं. भिंग हातात लांब धरून बघितलं तर काही दिसत नाही. या भिंगातून पहिल्यांदा काय बघायचं तेही सांगतो. पुढच्या वेळी पिवळा लगदा पूड व्हायच्या आधी, पसरत असतानाच सापडला, तर त्याच्या कडेला पंख्यासारख्या बारीक शिरा असतील. एका पातळ शिरेवर मागून छोट्या टॉर्चचा उजेड टाका आणि भिंग लावा. आत रव्यासारखे कण वाहताना दिसतील, चांगले वेगानं. मनात आकडे मोजा. पन्नास-साठच्या पुढे कधीतरी प्रवाह मंदावतो, थांबतो, आणि उलट्या दिशेला वाहू लागतो. पुन्हा मिनिटभरानं परत. पुढे जाणं थोडं जास्त, मागे येणं थोडं कमी, त्या फरकानंच ती पेशी सरकते. जपानचे शास्त्रज्ञ तोशियुकी नाकागाकी यांनी 2000 मध्ये यांच्यातल्याच एका जातीला चक्रव्यूहातली सगळ्यात जवळची वाट काढायला लावली. 2010 मध्ये टोकियोभोवतीच्या गावांच्या जागी ओट्सचे दाणे मांडले, तर हिनं दाण्यांमध्ये जोडलेलं जाळं तिथल्या रेल्वेच्या जाळ्याच्या जवळ जाणारं निघालं. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. तो प्रवाह स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की या प्रयोगांवर विश्वास बसतो.

फोटोंकडे वळू. तुमचे चाळीसही फोटो बिघडले त्याचं पहिलं कारण बहुतेक हे, की तुम्ही फोन फार जवळ नेला. प्रत्येक कॅमेऱ्याला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत तो फोकस करूच शकत नाही. थोडं मागे या, मुख्य कॅमेराच वापरा, आणि नंतर कापून मोठं करा. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये दोन मेगापिक्सेलचा वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा असतो, तो विसरून जा. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्यानं बसणारी दहापटीची लेन्स त्यापेक्षा कितीतरी बरी. दुसरं कारण हात हलणं. एका जुन्या कापडी पिशवीत दीड-दोन किलो तांदूळ भरून तोंड शिवून टाका, बुंध्यासमोर ठेवा, फोन त्यात रुतवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. जमिनीलगत कामाला ट्रायपॉडपेक्षा मी आजही ही पिशवीच जास्त वापरतो.

तिसरं कारण कुणाचाच दोष नाही, ते प्रकाशाचं गणित आहे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटवली आणि लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ 8 ठेवलं (आकडा वाढला की छिद्र बारीक होतं), तर जेमतेम 1 मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. दुप्पट मोठी केली तर एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. छिद्र एफ 22 पर्यंत बारीक करून पट्टा वाढतो खरा, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो म्हणून, अख्खं चित्र मऊ पडतं. म्हणून मधल्या छिद्रावर, फोकस तसूभर सरकवत वीस, तीस, कधी साठ फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही त्यासाठीची नेहमीची सॉफ्टवेअर. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत फोकस सरकवायचं काम कॅमेरा स्वतः करतो. पुढे कधी कॅमेरा घेतलाच, तर 90 किंवा 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या, जुनी चालेल. तिच्यामुळे तुम्ही आणि वस्तू यांत थोडं अंतर राहतं आणि उजेड अडत नाही.

उजेडाबद्दल मात्र मी हट्टी आहे. उन्हात या गोष्टींचे फोटो काढू नयेत. फोटोत पांढरी अळंबी नुसता पांढराफटक डाग होते, आणि चमकदार दाण्यांवर ठिपके येतात. ढगाळ सकाळ सगळ्यात चांगली. ती नसेल तर छत्री धरा आणि बाजूनं एलईडीचा उजेड बटर पेपरमधून गाळून आणा. स्लाइम मोल्डच्या देठांना थोडा उजेड मागूनही हवा, नाहीतर ते काळ्या टाचण्यांसारखे दिसतात. दिवा जवळ ठेवून विसरू नका. पहिल्या काही वर्षांत मी साठ-साठ फोटोंचे स्टॅक करायचो आणि जोडल्यावर प्रत्येक देठ दोन-दोन दिसायचा. पुष्कळ दिवस मला वाटलं ट्रायपॉड हलतोय. दिव्याच्या उबेनं देठ वाळून फोटोगणिक किंचित वाकत होते.

एकाच लाकडाकडे परत परत जाण्यानं काय मिळतं, ते एका रात्रीतून सांगतो. ऑगस्टची संततधार होती. संध्याकाळी सहाला आंब्याच्या ओंडक्यावर, सालीच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा पांढरट थर दिसला, साबुदाण्याच्या खिरीसारखा. नऊला त्यावर बारीक दाणे उठले. अकराला दाणे लांबट होऊन उभे राहायला लागले आणि खालून काळा, घोड्याच्या केसासारखा देठ दिसू लागला. देठ आतल्या आत बनत जातो आणि पांढरा भाग त्यावर चढत जातो, हे त्या रात्री पहिल्यांदा मी सुरुवातीपासून बघितलं. पहाटे तीनला रंग गुलाबीसर, साडेपाचला विटकरी. आठला दीड सेंटिमीटर उंचीचे साठएक चॉकलेटी तुरे दाटीवाटीनं उभे होते. दुपारी ऊन पडल्यावर हलकी फुंकर मारली तर तपकिरी धूर उडाला. हा स्टेमोनायटिस, हाही स्लाइम मोल्डच. आठ वाजताचा फोटो कुणालाही मिळू शकतो. सहा वाजताचा पांढरा थर ओळखता येतो तो फक्त आधी एकदा जागलेल्या माणसाला.

तुमच्या बुंध्यावर खरी बुरशीही येईलच. गुलमोहराच्या कापलेल्या लाकडावर बहुधा सगळ्यात आधी शिझोफायलम कम्यून दिसेल: नखाएवढे, वरून करडी-पांढरी लव असलेले पंखे. खालून भिंग लावा. छत्रीखालच्या पाती, म्हणजे गिल्स, मधोमध दुभंगलेल्या दिसतील. कोरड्या दिवसात त्या कडा आत वळतात आणि बीजाणू तयार करणारा भाग झाकून घेतात, ओल मिळाली की उघडतात. एक पंखा बशीत घेऊन पाणी शिंपडा आणि तासातासानं फोटो घ्या, घरातली मुलंही जागची हलणार नाहीत. खताच्या खड्ड्याजवळ छोट्या कुल्हडीसारखे कप आणि त्यात मसुरीच्या डाळीसारखे दाणे दिसले तर ती सायाथस नावाची बुरशी. पावसाचा थेंब बरोबर कपात पडला की दाणे दूर उडतात.

फोटो काढायच्या आधी कचरा ब्रशनं झटका, पण भोवतालचं लाकूड, साल, शेवाळ हलवू नका, ओळख पटवताना तेच कामी येतं. अळंबीचा निदान वरून, तिच्या उंचीवर आडवं होऊन, आणि खालून असे तीन फोटो हवेत. खालच्या फोटोसाठी उपटायची गरज नाही, पर्समधला छोटा आरसा मातीवर सरकवा आणि आरशाचा फोटो घ्या. आलेख-कागदाची एक पट्टी कायम जवळ ठेवा, एका फोटोत ती असू द्या. आणि वही. तारीख, किती दिवसांपूर्वी पाऊस, कुठलं लाकूड, सालीवर की साल गेलेल्या भागावर, वास कसा. वास फोटोत येत नाही, आणि आठवड्यानं आठवतही नाही.

आता नावाचं. अळंबी असेल तर बीजाणूंचा ठसा घ्या. छत्री देठापासून कापून, पाती खाली करून, अर्धा पांढरा अर्धा काळा असा कागद घेऊन त्यावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या. हा ठसा किती महत्त्वाचा, ते आपल्याकडच्या हिरवळीवरच कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलनीच्या बागांत बशीएवढ्या पांढऱ्या, तपकिरी खवल्यांच्या छत्र्या गोलाकार उगवतात. दिसायला अगदी खाण्याजोग्या, वासही चांगला. ठसा मात्र मळकट हिरवा येतो. ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, विषारी. पोटात गेली की काही तासांत उलट्या-जुलाब असे होतात की दवाखाना गाठावा लागतो. म्हणून कुणीही फोटो पाठवून "ही खाता येईल का" असं विचारलं, तर माझं उत्तर दरवेळी एकच असतं: फोटोवरून मी ते कधीच सांगणार नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका.

फोटोवरून प्रजातीपर्यंत, म्हणजे घराण्याच्या आडनावापर्यंत, बऱ्याचदा पोचता येतं. नेमक्या जातीसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. बीजाणू एक मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग असतो, आणि त्यावर काटे आहेत, जाळी आहे की बारीक चामखिळी, हे हजारपट मोठं केल्यावर कळतं. माझ्या वहीत तीन वर्षं स्टेमोनायटिस म्हणून नोंदलेला एक नमुना शेवटी कोमाट्रिका या दुसऱ्याच प्रजातीचा निघाला. स्टेमोनायटिसच्या तुऱ्याला बाहेरून जाळीचं आवरण असतं, याला नव्हतं. ते समजलं, कारण नमुना जपून ठेवला होता. नुसता फोटो असता तर चूक आजही तशीच राहिली असती.

नमुना जपायला काडेपेटी घ्या. लाकडाचा नखाएवढा तुकडा स्लाइम मोल्डसकट कापा, जाड कागदाच्या पट्टीवर डिंकानं चिकटवा, दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळू द्या, मग पट्टी काडेपेटीच्या खणात बसवून बाहेर तारीख आणि जागा लिहा. वाळल्यावर पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली की माइट, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे, मरतात, नाहीतर ते सगळं खाऊन टाकतात. जपानचे निसर्गअभ्यासक मिनाकाता कुमागुसू यांनी 1929 मध्ये सम्राट हिरोहितोंना स्लाइम मोल्डचे 110 नमुने भेट दिले होते, तेही कॅरॅमलच्या गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांमधून. याच मिनाकातांना स्वतःच्या बागेतल्या पर्सिमन या फळझाडावर एक नवीन स्लाइम मोल्ड सापडला. इंग्लंडच्या गुलिएल्मा लिस्टर यांनी 1921 मध्ये त्याला मिनाकाटेला हे नाव दिलं. अंगणातली गोष्ट लहान समजू नका.

बाहेर जायचंच असेल तर पहिल्या दमदार पावसानंतर आठ-दहा दिवसांनी चोरल, पाताळपाणीच्या बाजूला जा. राळामंडळ अभयारण्य आहे, तिथून काडीसुद्धा उचलायची नाही, फक्त फोटो. तिथे आणि चोरलच्या जंगलात बिबट्या आहे, संध्याकाळी ओंडक्यात डोकं घालून एकटं बसू नये.

आणि ऑक्टोबरनंतर सगळं वाळलं म्हणून भिंग ठेवून देऊ नका. 1933 मध्ये गिल्बर्ट आणि मार्टिन या दोन शास्त्रज्ञांनी जिवंत झाडांच्या सालीचे तुकडे ओलाव्यात ठेवले होते शेवाळ वाढवायला, आणि त्यावर उगवले स्लाइम मोल्ड. तीच रीत आज जगभर वापरतात. चिंचेची, बाभळीची, आंब्याची सुटायला आलेली कोरडी साल चार-पाच तुकडे घ्या. काचेच्या बशीत टिश्यू पेपर घालून तुकडे एकमेकांना न टेकवता मांडा. बुडतील इतकं डिस्टिल्ड पाणी घाला, दुसऱ्या दिवशी ओतून टाका, वर काच झाका, आणि बशी उन्हापासून लांब खिडकीत ठेवा. कागद कोरडा वाटला की चमचाभर पाणी. पहिले तीन-चार दिवस पांढरी बुरशी माजेल, फेकू नका. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रोज रात्री टॉर्च आडवी धरून भिंगानं सालीच्या खाचा बघा. मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढे चमकदार गोळे देठावर उभे दिसले, तर त्याच रात्री फोटो घ्या, सकाळपर्यंत ते फुटलेले असतील. पहिल्या बशीत काही उगवलं नाही तर झाड बदला. माझी पहिली भरलेली बशी बाभळीच्या सालीची होती, जानेवारीत, एकविसाव्या दिवशी.